घराला ताप नाही

नागपूरच्या माणसाला आपल्या उन्हाळ्याचा जेवढा अभिमान असतो, तेवढा पुणेकराला पुण्याचाही नसेल. माझे साडू नागपूरचे. मे महिन्यात त्यांचा फोन येतो तो खुशाली विचारायला नव्हे, आकडा ऐकवायला. “आज पंचेचाळीस पॉइंट दोन. तुमच्याकडे?” मी म्हणतो, त्रेचाळीस. पलीकडून “असं का? बरं बरं” येतं, आणि त्यात मुलगा सेकंड क्लासात सुटलेल्या बापाला दाखवावी तशी सहानुभूती असते. जबलपुरात तीन पिढ्या काढलेल्या मराठी माणसाला ही पड नवी नाही. १९५६ पर्यंत आमची राजधानीही नागपूरच होती. राज्यांची पुनर्रचना झाली, उच्च न्यायालय आमच्याकडे आलं, पण उन्हाळ्याचं मुख्यालय काही नागपूरने सोडलं नाही.

खरं म्हणजे तो पंचेचाळीस पॉइंट दोन साडूंचा नसतो आणि त्रेचाळीस माझा नसतो. दोन्ही हवामान खात्याचे. खातं १८७५ सालचं, म्हणजे चांगलं मुरलेलं. त्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपा लावलेल्या लाकडी पेटीत टांगलेला असतो. या पेटीला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. हे स्टीव्हन्सन म्हणजे स्कॉटलंडात दीपगृहं बांधणारे थॉमस स्टीव्हन्सन, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. मुलाने चाचे आणि गाडलेला खजिना अशा गोष्टी रचल्या. वडिलांनी पारा उन्हात येऊ नये एवढीच काळजी केली. त्या पेटीला थेट ऊन लागत नाही, भिंतीची धग लागत नाही, वारा आरपार खेळतो, आसपास मोकळी जागा असते. मे महिन्यातल्या जबलपुरात इतक्या सुखात कोणी राहत नाही. तेव्हा त्रेचाळीस हा आकडा खरा आहे, पण तो त्या पेटीत राहणाऱ्याचा. आम्ही वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली राहतो.

मैदानी भागात कमाल तापमान चाळिशी गाठतं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर जातं तेव्हा खातं उष्णतेची लाट म्हणतं. सरळ पंचेचाळीस झालं तर सरासरीही विचारत नाही. साडूंना हे कलम तोंडपाठ आहे. पुण्याच्या सुनेला मात्र हे सांगून उपयोग नाही. ज्या गावात हवामान खात्याच्या इमारतीलाच ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिथल्या माणसाला लाट काय कळणार? (मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव, हे मला ठाऊक आहे. पण उन्हाळ्यात एवढं न्यायाने बोलायला होत नाही.)

तर घराचं तापमान किती? बायकोच्या मते “भट्टी”. आईच्या मते, वय नव्वदीला टेकलेलं, “बरं आहे की, पंखा जरा कमी करा.” सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातवाच्या मते “आजोबा, एसी का नाही घेत?”, हे तापमानच समजायचं. आणि माझ्या मते, चालतंय. बायको स्वयंपाकघरातून बोलते, आई आतल्या खोलीतल्या पलंगावरून, नातू खिडकीपाशी मोबाइल घेऊन आणि मी कूलरच्या बरोबर समोरून. तरी प्रत्येक जण बोलतो ते ‘घराबद्दल’.

माझी नोकरी वीज मंडळात गेली. सबस्टेशनवर दर तासाला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लॉगशीटवर चढवायचं, अशा शिस्तीत वाढलेला माणूस. मोठ्या यंत्राला काय होतंय ते माहीत आणि राहत्या घराचं ठाऊक नाही, ही गोष्ट निवृत्तीनंतर मला खुपायला लागली. त्यातून तापमान मोजणारी ही कांडी आली. यूएसबीवर लागणारी, पेन ड्राइव्हएवढी, काही शे रुपयांची. टेंपर या नावाने अशा कांड्या जगभर विकल्या जातात. सोबत एक चिमुकली सीडी मिळते, जी घालायला आता कुणाकडे खाच उरलेली नाही. पुण्यात एखादी वस्तू जुनी झाली की ती जबलपूरला येते, या आमच्या घरच्या नियमानुसार माझ्याकडे मुलाचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर त्याने लिनक्स घालून दिलं आहे. म्हणजे खाच असती तरी सीडी निरुपयोगीच. कांडीशी बोलायचं तर काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून.

आणि इथून गंमत सुरू होते. ही कांडी लॅपटॉपात खुपसली आणि यंत्राला विचारलं की आता कोण आलं, तर उत्तर येतं: कीबोर्ड आला. एकही बटण नसलेला. कांडी खोटं सांगते, पण कारण तितकंसं वाईट नाही. यूएसबीच्या व्यवहारात कीबोर्ड, माउस वगैरेंचा एक ठरलेला वर्ग आहे, आणि त्या वर्गातल्या वस्तूला कोणताही संगणक वेगळं सॉफ्टवेअर न मागता दारातून आत घेतो. तापमापकाला असा मान नाही. त्याने खरं नाव सांगितलं तर विचारपूस होणार, कागदपत्रं निघणार. त्यापेक्षा आपण कीबोर्ड आहोत असं सांगून आत शिरावं, हे कांडी बनवणाऱ्याला सोयीचं वाटलं. लग्नाच्या पंगतीत मुलाकडचे म्हणून जेवून जाणारे लोक मी पाहिलेत. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने जोडलेल्या वस्तूंची यादी निघते. तीत बाकीच्यांच्या पुढे कंपनीचं नाव, प्रकार, सगळं असतं. हिच्या पुढे नुसतं ४१३डी:२१०७, आणि नावाच्या जागी मोकळी जागा.

हा मुखवटा मग हिच्याच अंगाशी येतो. लिनक्स म्हणतं, कीबोर्ड ना? मग त्यावर कुणी तरी पासवर्ड टाइप करणार. ते भलत्याने ऐकता कामा नये. तेव्हा या दाराशी फक्त यंत्राच्या मालकाने, म्हणजे ‘रूट’ने, बोलावं. घरची खोली किती तापली आहे हे विचारायला मला दर वेळी ‘सुडो’ म्हणून अधिकाऱ्याचा आव आणावा लागे. त्यावर उपाय आहे: नियमांच्या एका फाइलीत एक ओळ लिहून ठेवायची की ४१३डी:२१०७ ही बाई आपल्या ओळखीची आहे, हिच्याशी घरातल्या कुणीही बोललं तरी चालेल. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला अशी ओळ लिहिताना जो आनंद होतो, तो खासगीतल्यांना कळायचा नाही.

बोलायचं ते अंकांच्या आठ जोड्यांत. ०१ ८० ३३ ०१, आणि पुढे चार वेळा शून्य शून्य. एवढं पाठवलं की कांडी तापमान सांगते. ०१ ८६ एफएफ ०१ असं काही पाठवलं की नाव सांगते. नाव ‘टेंपरगोल्ड’ आणि पुढे आवृत्तीचा क्रमांक. एका वेळी आठच अक्षरं मावतात म्हणून ती ते दोन हप्त्यांत सांगते: आधी ‘टेंपरगो’, मग उरलेलं. सोन्याचा संबंध काय, ते विचारायला मात्र कोणती आज्ञा द्यावी ते मला सापडलेलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी बैठकीच्या खोलीतून आलेलं उत्तर असं होतं: ८० ८० ०ई ६७ ४ई २० ०० ००. नातू शेजारी बसला होता. त्याला म्हटलं, पहिल्या दोन जोड्या सोड, ती नुसती हाक ऐकल्याची खूण. तिसरी आणि चौथी घे. ही सोळाच्या हिशेबातली मोजणी, नऊनंतर ए, बी, सी येतात. ई म्हणजे चौदा. चौदा गुणिले दोनशे छप्पन, तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी. सदुसष्ट म्हणजे सदुसष्ट नव्हे. सहा सोळा शहाण्णव आणि वर सात, एकशे तीन. बेरीज तीन हजार सहाशे सत्त्याऐंशी. शंभराने भाग. छत्तीस पॉइंट सत्त्याऐंशी. पुण्याच्या इंग्रजी शाळेतल्या त्या पोराला ‘सहा सोळा शहाण्णव’ हा मंत्र वाटला असावा, पण हिशेब त्याला पटला. लगेच त्याने पुढची जोडीही सोडवली. ४ई २० म्हणजे बरोबर वीस हजार, शंभराने भागल्यावर दोनशे. “आजोबा, दोनशे डिग्री कुठे आहे?”

“स्वयंपाकघरात,” आतून बायको म्हणाली.

वास्तविक ती जागा वायरने लटकणाऱ्या दुसऱ्या सेन्सरसाठी राखलेली असते. माझ्या कांडीला तो नाही, म्हणून तिथे ठरलेला आकडा भरलेला. पण मी हे सांगायला गेलो नाही. पोळ्या चालल्या होत्या.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, “छत्तीस समजलं. पण अहो, हे वरचे सत्त्याऐंशी कशाचे?” हा प्रश्न बरोबर वर्मी लागणारा. अशा स्वस्त सेन्सरांच्या खरेपणाची हमी साधारण दोन अंश इकडे, दोन अंश तिकडे अशी असते. म्हणजे खरं तापमान पस्तीस असू शकतं, एकोणचाळीसही असू शकतं. मात्र जे काही असेल ते कांडी शतांशापर्यंत सांगणार. लग्नाला किती माणसं होती असं विचारल्यावर “असतील चारपाचशे” म्हणणाऱ्यावर आपला विश्वास बसतो आणि “चारशे त्र्याऐंशी” म्हणणाऱ्यावर जास्तच बसतो. दशांश चिन्हाची ही पुण्याई. मंडळात आम्ही तापमान पूर्ण अंशात लिहायचो. सत्त्याऐंशी शतांश कुणी लिहिले असते तर साहेबांनी त्याची बदली कटनीला केली असती.

इतक्यात आईने आतून विचारलं, “किती आहे म्हणतोस?”

“छत्तीस पॉइंट सत्त्याऐंशी.”

“ते मला कळत नाही. नीट सांग.”

नीट म्हणजे फॅरनहाइटमध्ये. आपल्या देशात ऊन सेल्सियसमध्ये पडतं आणि ताप फॅरनहाइटमध्ये चढतो. बाहेर चव्वेचाळीस असतं आणि पोर एकशे दोनने फणफणलेलं असतं, आणि यात काही विसंगत आहे असं कुणालाच वाटत नाही. सेल्सियसने तरी कुठे एक बाजू धरली होती? अँडर्स सेल्सियसने १७४२ साली जी मोजपट्टी मांडली तीत पाणी उकळतं ते शून्य आणि गोठतं ते शंभर होतं. म्हणजे उकाडा वाढला की आकडा उतरायचा. त्याच्यानंतरच्यांनी पट्टी उलटी केली. नसती केली तर साडूंनी “आज चोपन्न पॉइंट आठपर्यंत खाली आलं” असं अभिमानाने सांगितलं असतं.

आईसाठी मी गुणाकार केला आणि म्हणालो, “अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली. “ताप नाही.”

आईचं निदान शास्त्राला धरून होतं, एवढंच की पेशंट चुकला. ज्या तापमानाला माणूस निरोगी ठरतो, बरोबर त्याच तापमानाला खोली आजारी असते. शरीर आपली उष्णता बाहेर टाकतं ते बाहेर आपल्यापेक्षा गार आहे या भरवशावर. खोलीच अठ्ठ्याण्णव पॉइंट चारला आली की तो व्यवहार थांबतो आणि एक घामच काय तो उरतो. पण आई निश्चिंत झाली होती, आणि तिने पंखा आणखी एका आकड्याने कमी करायला सांगितला.

या सगळ्यात एक गोष्ट मला मंडळातल्या दिवसांपासून माहीत होती, ती कांडीने पुन्हा समोर आणली. तापमापक सांगतो ते फक्त स्वतःचं तापमान. हवेचं नाही, खोलीचं नाही, तुमचं तर नाहीच. तो जिथे आहे तिथे त्याच्यासारखंच सगळं तापलं असेल, हे आपण गृहीत धरतो. ही कांडी थेट लॅपटॉपात खोचली तर लॅपटॉपच्या पोटातली ऊब तिच्या अंगात उतरते. नातू त्यावर सिनेमा बघायला बसला की यंत्र गरम, कांडी गरम, आणि पडद्यावर उष्णतेची लाट. म्हणून तिला हातभर एक्स्टेन्शन वायर लावून दूर टांगायचं असतं, भिंतीला न टेकता, कूलरच्या झोताबाहेर. मी ती वाळवणाच्या जाळीदार टोपलीत उलटी लटकवली आहे. थॉमस स्टीव्हन्सन यांनी टोपली बघितली तर मान हलवली असती. कोणत्या दिशेने, ते सांगता येत नाही.

ट्रान्सफॉर्मरचं प्रकरण याहून पुढचं. त्याच्यावर दोन तबकड्या असतात, एक तेलाची आणि एक वाइंडिंगची. तेलाची तबकडी प्रामाणिक: बल्ब तेलाच्या खिशात, तेल जेवढं गरम तेवढा काटा. वाइंडिंगची मात्र निराळी. तांब्याच्या त्या वेटोळ्यांत एवढा विजेचा दाब की तिथे असला तापमापक नेऊन बसवता येत नाही. मग करतात काय, की वरच्या गरम तेलातच दुसरा बल्ब ठेवतात, त्याला एक लहानसा हीटर जोडतात आणि त्या हीटरला भाराच्या प्रमाणात वीज देतात. भार वाढला की हीटर तापतो, काटा तेलाच्या वर चढतो, आणि आपण लॉगशीटवर लिहितो: वाइंडिंग अमुक अंश. वाइंडिंगला कुणी विचारलेलंही नसतं. आयुष्यभर मी दर तासाला एक अंदाज नोंदवत होतो आणि तो अंदाज इतका चांगला होता की त्यावर सगळं शहर चालत होतं. तेव्हा कांडीच्या दोन अंशांवर मी फार बोलत नाही.

जुनी सवय म्हणून मी कांडीचीही लॉगशीट ठेवली. ‘क्रॉन’ नावाचा एक गडी लिनक्समध्ये असतो. त्याला एकदा सांगितलं की दर पाच मिनिटांनी विचार आणि फाइलीत लिही, की तो रात्रपाळी, दिवसपाळी, होळी, दिवाळी काही बघत नाही. असा माणूस मंडळात मला एकही भेटला नाही, मी धरून. लाइट जाते, लॅपटॉपची म्हातारी बॅटरी मान टाकते, तेव्हा नोंदीत खिंडार पडतं. या खिंडारांवरूनही उन्हाळा वाचता येतो. लाइट जाते ती गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच, हा समज खरा निघतो. कारणही सरळ आहे: त्याच वेळी सगळ्यांनाच गरज असते.

आलेख काढला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. बाहेरची हवा दुपारी तीन-चारला सर्वांत तापते, पण आमची वरची खोली आपला उच्चांक गाठते रात्री, जेवणं झाल्यावर. दिवसभर स्लॅब ऊन पीत असतो, आणि त्याला ते आतल्या बाजूला पोचवायला काही तास लागतात. सूर्य मावळून नर्मदेवर आरती होऊन लोक ग्वारीघाटावरून घरी परततात, तेव्हा आमच्या छतातून दुपार उतरत असते. मी मोठ्या उत्साहाने आलेख आईला दाखवला. तिने तो लांबूनच बघितला आणि म्हणाली, “म्हणून तर तुझे वडील संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बादल्या चढवल्या. त्या रात्रीचा आलेख खरोखर खाली आला. किती, ते सांगत नाही, कारण शेजारच्या दादांना सांगितलं तर ते म्हणाले, “भाई साहब, उससे ज़्यादा तो आपका पसीना निकल गया होगा.” व्यंगकार हरिशंकर परसाईंच्या गावात राहायचं तर एवढं ऐकून घ्यावं लागतं.

आईकडे तिचं स्वतःचं उपकरण आहे, तर्जनी. दही लावताना दूध कोमट हवं, म्हणजे बोट सोसेल इतपत. मी यावर हसत असे. पुढे वाचनात आलं की कातडीतल्या मज्जातंतूंवर उष्णतेला जागा होणारा एक ग्राहक असतो, आणि तो साधारण ४३ अंशांना ‘पोळलं’ अशी वर्दी देतो. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकातलं नोबेल विभागून मिळालं त्यात या शोधाचा वाटा आहे. त्यांनी तो शोधला मिरचीतल्या तिखटाच्या मदतीने, कारण मिरचीही तेच दार वाजवते. आणि दह्याचे जंतू सुखात वाढतात ते चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. म्हणजे ‘बोट सोसेल इतपत’ हे माप त्रेचाळीसच्या अलीकडे आपोआप थांबतं, आणि ते दुधात बुडवता येतं. कांडी दुधात बुडवता येत नाही. नातवाने एकदा बुडवायचा बेत केला होता. तो वेळीच हाणून पाडला.

बायकोचं उपकरण गच्चीवर. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि इकडे नौतपा सुरू होतो. हे नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला, मध्येच सर आली तर नौतपा गळाला, असं इथे मानतात. हवामान खातं यावर काही म्हणत नाही, पण बायकोचं वेळापत्रक या नऊ दिवसांवर बसलेलं असतं. कुरडया एका दिवसात खणखणीत वाळल्या तर ऊन पास. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसराव्या लागल्या तर नापास. साडूंच्या फोनवर तिने एकदा मला बाजूला सारून सांगितलं, “भाऊजी, आकडा राहू द्या, चार वाजेपर्यंत कुरडया वाळतात का तेवढं सांगा.” पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. साडू कुरडया वाळवत नाहीत, विकत आणतात.

मग जून संपता संपता पाऊस आला आणि कांडीचा सगळा रुबाब उतरला.

पारा एकतीसवर आला. मेमधल्या बेचाळीसच्या मानाने स्वर्गच म्हणायचा. मी घरात जाहीर केलं की अकरा अंशांनी थंडावा आहे. उत्तरादाखल तिघांनी माझ्याकडे बघितलं. आईच्या पाठीला साडी चिकटली होती, नातू उघडाबंब फरशीवर पडला होता, बायकोने पोळीचा गोळा हातातून सुटत नाही म्हणून हात झटकला. कूलर पूर्ण वेगाने फिरत होता आणि ओल्या खसचा वास असलेली गरम हवा फेकत होता.

यात कूलरचा दोष नाही. तो थंडावा तयार करत नाही. पाणी हवेत उडवून देतो, आणि उडताना पाणी आपल्यासोबत उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेपर्यंत हा धंदा तेजीत. तापमापकाला ओली पट्टी गुंडाळली तर तो किती खाली उतरतो, यावरून कूलरची कुवत कळते. बाहेर बेचाळीस अंश आणि हवेत आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर ओला तापमापक बावीसच्या आसपास येतो. त्याखाली कोणताही कूलर जात नाही, घरचा तर तिथवरही पोचत नाही, पण दूर कुठे तरी बावीस आहे या आशेवर मे निघतो. आता एकतीस अंश आणि आर्द्रता पंच्याऐंशी टक्के. ओला तापमापक एकोणतीसला अडतो. कूलर पाणी उडवायला बघतो तर हवा म्हणते, माझीच घागर भरलेली आहे. घामाचंही तेच. भेडाघाटला धुवांधार धबधब्याच्या तुषारांत उभं राहून मेमध्ये अंगावर काटा येतो. जुलैत तिथेच उभं राहिलं तर नुसते कपडे भिजतात.

हे सगळं मी व्यवस्थित समजावून सांगितलं. एकतीस हा आकडा खरा होता आणि तरी माझ्या बाजूने उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

“याच कांडीत एक थोडी महाग येते,” मी म्हणालो. “ती तापमान सांगते आणि हवेतली आर्द्रताही सांगते.”

“म्हणजे काय सांगते?” बायकोने विचारलं.

“हवेत ओल किती आहे ते.”

ती काही न बोलता आत गेली, मिठाची बरणी घेऊन आली आणि माझ्यासमोर उपडी केली. काही पडलं नाही. मीठ दगड होऊन बसलं होतं.

रात्री मी वाचत बसलो. मीठ हवेतली ओल ओढायला लागतं ते पंच्याहत्तर टक्क्यांना, आणि इतक्या नेमाने, की आर्द्रतामापक बरोबर चालतो का हे तपासायची जुनी, मान्य पद्धत अशी आहे: डबीत थोडं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून त्याचा चिखल करा, मापक शेजारी ठेवा, झाकण घट्ट लावा आणि काही तास थांबा. आत पंच्याहत्तर टक्के झालेच पाहिजेत. मापक काही वेगळं म्हणाला तर दुरुस्ती मापकात करायची, मिठात नाही.

नवी कांडी मागवली आहे, पुढच्या आठवड्यात येईल. बायकोकडून वाटीभर मीठ आताच मागून ठेवलंय.